आठवणीची वस्तू आणि तिच्यातील हक्क

 

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या एखाद्या खणात, जुन्या ट्रंकेत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात दिवंगत आजी-आजोबांची एखादी वस्तू जपून ठेवलेली असते. दादांची खजुराच्या बियांची तस्बीह, दादीचा पानाचा डबा आणि अडकित्ता, नानांचा एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, नानीचा कपाळ व गुडघे टेकून झिजलेला मुसल्ला, रेहलवरचा तो कुरआन शरीफ, ज्याच्या पानांचे कोपरे बोटांच्या स्पर्शाने काळवंडले आहेत. बाजारात या वस्तूंना चार पैसेही कोणी देणार नाही. तरी घर बदलताना सर्वांत आधी त्याच हाती घेतल्या जातात. कारण त्या हाताळताच फजरच्या अंधारात ऐकलेला खोकला, मांडीवर बसवून कलिमा पाठ करून घेणारा आवाज, ईदच्या सकाळी तळहातावर ठेवलेले नाणे, हे सर्व पुन्हा जवळ येते.

या जपणुकीविषयी आपल्या समाजात दोन टोके आढळतात. काहींना वाटते की, जो गेला तो अल्लाहकडे गेला. त्याच्या वस्तूंत जीव गुंतवणे हा जगाचा मोह आहे. दुसरीकडे काही घरांत त्या वस्तूलाच इतके पावित्र्य दिले जाते की तिच्यापुढे उदबत्ती लावण्यापर्यंत मजल जाते. इस्लामचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. परंतु या वस्तूत प्रेमाबरोबर आणखी एक गोष्ट दडलेली असते, जिच्याकडे दोन्ही टोकांचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे हक्क. आज तिच्याविषयी विचार करू या.

एका हाराची हकीकत

हिजरी सन २ मध्ये बद्रचे युद्ध झाले आणि मक्केचे सुमारे ७० लोक मुसलमानांच्या हाती कैद झाले. त्यांत आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जावई अबुल आस हेही होते. त्यांनी तोपर्यंत इस्लाम स्वीकारला नव्हता. मक्केहून नातलगांनी आपापल्या कैद्यांच्या सुटकेचा मोबदला पाठविण्यास सुरुवात केली. प्रेषितकन्या ह. जैनब (रजि.) त्या वेळी मक्केतच होत्या. पतीच्या सुटकेसाठी त्यांनी जी मालमत्ता पाठविली, तिच्यात एक हार होता. तो हार त्यांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या आईने, म्हणजे ह. खदीजा (रजि.) यांनी त्यांना दिलेला होता.

ह. खदीजा (रजि.) यांना हे जग सोडून तेव्हा सुमारे पाच वर्षे झाली होती. तो हार दृष्टीस पडताच आदरणीय प्रेषित (स.) यांचे मन गहिवरून आले. हदीसच्या ग्रंथांत ही हकीकत ह. आयशा (रजि.) यांनी सांगितली आहे आणि प्रेषितांची ती अवस्था त्यांनी स्पष्ट शब्दांत नमूद केली आहे. दिवंगत प्रियजनांच्या वस्तूने डोळे ओले होणे हे ईमानाच्या दुर्बलतेचे लक्षण असते, तर ते सर्वश्रेष्ठ ईमानधारकाच्या ठायी दिसले नसते.

पण खरा धडा यापुढे आहे. आदरणीय प्रेषित (स.) हे मदीनेचे प्रमुख होते आणि सेनेचे नायकही होते. ‘हा हार माझ्या पत्नीचा आहे, तो बाजूला ठेवा,’ एवढे म्हटले असते तरी एकाही सहाबीने हरकत घेतली नसती. परंतु सुटकेचा मोबदला म्हणून आलेल्या त्या हारावर आता इतरांचा हक्क निर्माण झाला होता. म्हणून त्यांनी आज्ञा केली नाही, तर विचारले. तुम्हाला योग्य वाटत असेल तर जैनबच्या कैद्याला मुक्त करा आणि तिची वस्तू तिला परत करा, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. सहाबांनी ते आनंदाने मान्य केले.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगातील दोन गोष्टी मनावर कोरून ठेवा. प्रेम कितीही उत्कट असले तरी त्याने दुसऱ्याचा हक्क रद्द होत नाही. ज्याचा हक्क आहे त्याला विचारावेच लागते. आणि ज्यांचे हृदय तो हार पाहून हेलावले, त्यांनी तो स्वतःजवळ ठेवून घेतला नाही. ज्यांची ती वस्तू होती, त्यांच्याकडे ती परत गेली.

ती वस्तू आता कोणाची?

आता आपल्या घरांकडे पाहू. दादांचा इंतकाल होतो. दफनविधी आटोपतो, सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, आणि कोणी घड्याळ उचलतो, कोणी काठी, कोणी शेरवानी. ‘दादांचे माझ्यावर फार प्रेम होते, ही आठवण मी ठेवतो.’ भावना खरी असते. पण माणसाने अखेरचा श्वास घेताच त्याच्या मालकीची प्रत्येक वस्तू, मग ती शेती असो वा साधी लेखणी, ‘तरका’ बनते, म्हणजे वारसांची सामाईक मालमत्ता बनते. त्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च निघतो, मग कर्ज फेडले जाते, मग कमाल एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत पूर्ण केली जाते आणि उरलेले वारसांमध्ये ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे वाटले जाते. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये, आई-वडील व नातलगांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचाही हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही, हे सांगताना ती संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, असे मुद्दाम म्हटले आहे. ‘थोडी’ या शब्दात दादांची तस्बीहही येते.

याचा अर्थ असा नव्हे की तस्बीहचे मणी मोजून वाटावेत. याचा अर्थ इतकाच की सर्व वारसांना एकत्र बसवून, त्यांची मनापासूनची संमती घेऊन मग ती वस्तू एकाने ठेवावी. वारसांत एखादे अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच्या हिश्श्याचे मूल्य त्याला मिळालेच पाहिजे. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, असा इशारा याच सूरहमध्ये आलेला आहे.

दादीने हयातीतच एखादी वस्तू नातीला दिली असेल आणि तिच्या ताब्यातही दिली असेल, तर ती भेट पूर्ण झाली. ती वस्तू नातीची आहे. परंतु ‘माझ्यामागे ही बांगडी तुझी’ एवढेच तोंडी म्हटले असेल, तर ती वसीयत ठरते आणि तिला वसीयतीचे नियम लागू होतात. जी व्यक्ती स्वतः वारस आहे, तिच्यासाठी केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीवाचून चालत नाही. म्हणून ज्येष्ठांनी आपल्या हयातीतच अशा वस्तू साक्षीदारांसमक्ष देऊन टाकाव्यात, हे सर्वांत उत्तम.

काही नातवंडांची अवस्था याहून नाजूक असते. वडील आधीच वारलेले असतात, चाचा हयात असतात, आणि अशा नातवंडांना दादांच्या वारशात ठरलेला हिस्सा मिळत नाही. अशांसाठी दादांनी एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करून ठेवावी. ती नसेल तर कुरआनने वारसांना उद्देशून शिकवण दिली आहे की, वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातलग, अनाथ व गरीब उपस्थित असतील तर त्यांनाही त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी गोड बोलावे. किती कोमल शिकवण आहे ही! पित्याचे छत्र हरपलेल्या नातवाच्या हाती दादांचे घड्याळ देणे आणि त्यासोबत दोन मायेचे शब्द बोलणे, या आयतीवर अमल करण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

दागिन्याच्या रूपातील आठवण असेल तर जकातीचाही विचार करावा. केवळ सोने असेल तर ७.५ तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, ही जकात लागू होण्याची मर्यादा आहे. येथे जुना तोळा अभिप्रेत आहे. आजच्या सराफाच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने मोजू नये. सोबत चांदी किंवा रोख रक्कम असेल तर हिशेब बदलतो. हनफी मतानुसार वापरातील दागिन्यांवरही जकात आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मताचे अनुयायी आहेत, त्यात स्त्रीच्या वापरातील दागिन्यांना सूट आहे. आपल्या आलिमांना विचारून हिशेब करावा. दादीची आठवण म्हणून जपलेल्या बांगडीत गरिबांचा हक्क अडकून राहता कामा नये.

काचेच्या कपाटातली तस्बीह आणि सातबारा

आता एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यात अशी घरे आहेत जेथे दादांची तस्बीह काचेच्या कपाटात मानाने ठेवलेली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अभिमानाने दाखविली जाते. परंतु त्याच दादांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांच्या मुलींची नावे नाहीत. फुफीला एके दिवशी बोलावून घेतले, जेवू घातले, साडी दिली आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. ती नाही म्हणाली असती तर माहेर तुटले असते, म्हणून तिने सही केली. तिच्या त्या मौनाला आपण संमती म्हणतो.

ज्या माणसाने त्या तस्बीहवर अल्लाहचे नाव घेतले, त्याच्या मुलीचा हिस्सा अल्लाहनेच ठरवून दिला आहे. तस्बीहला जपायचे आणि ज्याचे नाव तिच्यावर घेतले गेले त्याची आज्ञा मोडायची, हे कसले जपणे? सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहने ठरविलेल्या सीमा आहेत असे म्हटले आहे, आणि त्या ओलांडणाऱ्याला अपमानकारक शिक्षेचा इशारा दिला आहे. नमाज-रोजाचे पाबंद असलेल्या माणसानेही या आयती वाचून थरथरावे.

कर्जाचेही असेच आहे. मोमिनाचा आत्मा त्याच्या कर्जामुळे, ते फेडले जाईपर्यंत, अडकून राहतो, असा हदीसचा आशय आहे. दादांची शेरवानी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपली. पण त्यांच्या नावावर वाण्याची उधारी राहिली असेल तर ती फेडली का? दादांना यांपैकी कशाची गरज आहे, याचा विचार करावा.

आदराची सीमा

जपलेली वस्तू ही वस्तूच असते, हेही विसरता कामा नये. ह. उमर (रजि.) यांनी काबागृहातील हजरे अस्वदचे चुंबन घेताना सर्वांसमक्ष सांगितले की, तू एक दगड आहेस, तू नफा देऊ शकत नाहीस वा नुकसान करू शकत नाहीस; प्रेषितांना (स.) तुझे चुंबन घेताना पाहिले नसते तर मीही घेतले नसते. काबागृहातील दगडाविषयी ही सावधगिरी असेल, तर दादांच्या टोपीने ताप उतरतो किंवा नानीच्या ओढणीने घरात बरकत येते, असे मानण्यास जागा कोठे उरते? आदरणीय प्रेषितांच्या (स.) वापरातील वस्तू सहाबांनी जपल्या, ह. अनस (रजि.) यांच्याजवळ त्यांचा प्याला होता, ह. अस्मा (रजि.) यांच्याजवळ त्यांचा अंगरखा होता. ते स्थान प्रेषितांचेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांची वस्तू आपण प्रेमाने ठेवतो, श्रद्धेने नव्हे.

कैदखान्यातील वारसा

मग आजी-आजोबांकडून आपल्याला खरोखर मिळते तरी काय? या प्रश्नासाठी सूरह यूसुफ पुन्हा वाचा. प्रेषित यूसुफ (अ.) यांचे आजोबा प्रेषित इसहाक (अ.) आणि पणजोबा प्रेषित इब्राहीम (अ.). असे घराणे! आणि असे असूनही यूसुफ (अ.) जेव्हा विहिरीत टाकले गेले, बाजारात विकले गेले आणि पुढे मिसरच्या कैदखान्यात पडले, तेव्हा त्यांच्याजवळ घराण्याची एकही वस्तू नव्हती. अंगावरचा सदरासुद्धा भावांनी नेला होता आणि त्यावर खोटे रक्त लावून पित्यापुढे ठेवला होता. वस्तूकडून खोटी साक्षही देवविता येते, ती अशी.

त्या अंधारकोठडीत दोन सोबती जेव्हा स्वप्नाचा अर्थ विचारावयास आले, तेव्हा यूसुफ (अ.) यांनी आपली ओळख कशी दिली? आपण आपले पूर्वज इब्राहीम, इसहाक व याकूब यांच्या धर्माचे अनुसरण करतो आणि अल्लाहबरोबर कोणालाही भागीदार ठरविणे आम्हाला शोभत नाही, असे त्यांनी सांगितले. आजोबांचे नाव त्यांनी उच्चारले ते घराण्याच्या मोठेपणासाठी नव्हे, तर त्यांनी दाखविलेल्या मार्गासाठी. हा वारसा भाऊ हिरावून घेऊ शकले नाहीत, व्यापारी विकू शकले नाहीत, कैदखान्याच्या पहारेकऱ्यांना तो झडतीत सापडला नाही.

आणखी एक नातू पाहा. ह. हसन (रजि.) यांचा जन्म हिजरी सन ३ मधला. म्हणजे आदरणीय प्रेषितांच्या (स.) निधनसमयी त्यांचे वय जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. जे नाना सजद्यात असता पाठीवर चढून बसावे आणि ज्यांनी नातवासाठी सजदा लांबवावा, असे ते नाना! पुढे मोठेपणी कोणी ह. हसन (रजि.) यांना विचारले की, आपल्याला प्रेषितांचे काय आठवते? त्यांनी सांगितले ते असे. लहानपणी त्यांनी सदक्याच्या ढिगातील एक खजूर तोंडात टाकला होता. नानांनी तो तोंडातून काढून परत ढिगात टाकला, कारण प्रेषितांच्या घराण्याला सदका वर्ज्य होता. आणि एक शिकवण त्यांच्या स्मरणात होती की, जे संशयात टाकते ते सोडून जे संशयात टाकत नाही ते स्वीकारावे.

विचार करा. जगातील सर्वश्रेष्ठ आजोबांची आठवण विचारली गेली, आणि नातवाला आठवला तो तोंडातून काढून घेतलेला खजूर! मूल रडेल, रुसेल, म्हणून त्या नानांनी दुर्लक्ष केले नाही. एक खजूर तो काय, पण तो दुसऱ्यांच्या हक्काचा होता. लहान मुलाच्या मनात ही आठवण आयुष्यभर टिकली. खदीजांच्या (रजि.) हाराच्या वेळी जी गोष्ट दिसली, तीच येथे खजुराच्या रूपाने दिसते: माया अपार, परंतु हक्काच्या बाबतीत तडजोड नाही.

आपण काय करावे?

आजी-आजोबांची वस्तू जरूर जपा. पण आधी मोकळ्या मनाने सर्व वारसांना विचारा. जर पूर्वी विचारले नसेल तर आज विचारा. वर्षे लोटली म्हणून हक्क मरत नाही. फुफीला फोन करून एवढेच म्हणा की, ‘फुफी, दादांची तस्बीह माझ्याकडे आहे, तुमचाही तिच्यात हक्क आहे, ती तुम्हाला हवी आहे का?’ कदाचित ती रडेल, कदाचित म्हणेल, ‘बेटा, तूच ठेव.’ आणि त्याच बोलण्यात जमिनीच्या हिश्श्याचा विषयही तुम्हीच काढा. तिने काढावा याची वाट पाहू नका.

वस्तू कामात आणण्यासारखी असेल तर कामात आणा. नानीच्या मुसल्ल्यावर नमाज पढा, घडी घालून ठेवू नका. दादांच्या कुरआनातून रोज एक रुकू वाचा आणि मुलांना सांगा की ही पाने ज्यांनी उलटली, ते आपले कोण होते. दादांच्या हयात असलेल्या दोस्तांना भेटा. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक ग्रामीण अरब भेटला, तेव्हा त्यांनी स्वतःचे गाढव आणि डोक्यावरची पगडी त्याला देऊन टाकली, कारण त्याचा पिता ह. उमर (रजि.) यांचा मित्र होता. आदरणीय प्रेषित (स.) हेसुद्धा बकरी जिबह केली की ह. खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवीत असत. ज्यांनी आपल्या दादीबरोबर विहिरीवर पाणी भरले, त्या वृद्ध शेजारणीकडे ईदचा शीरखुर्मा पोहोचतो का, हे पाहा.

आणि दुआ. मनुष्य मरण पावला की त्याच्या कर्मांचा क्रम तुटतो, पण चालू राहणारा सदका, लाभदायक ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतती यांचा लाभ त्याला मिळत राहतो, हे हदीसने शिकविले आहे. दादांची तस्बीह बोटांत फिरत असताना त्यांच्यासाठी केलेली मगफिरतीची दुआ त्यांच्या उपयोगी पडते. काचेआड पडून राहिलेल्या मण्यांचा त्यांना उपयोग नाही.

हे अल्लाह! आमच्या आई-वडिलांना, दादा-दादींना, नाना-नानींना क्षमा कर. त्यांच्या कबरी प्रकाशमान कर. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत आमच्या हातून कोणाचा हक्क मारला गेला असेल, तर तो परत करण्याचे धैर्य आम्हाला दे आणि परत करण्यापूर्वी आम्हाला मृत्यू देऊ नकोस. आणि आमच्या नातवंडांना आमची जी आठवण राहील, ती हलालची आणि न्यायाची आठवण असू दे. आमीन.